कमोडची सीट आणि खालचे दोन नट

कमोडची सीट अचानक तुटत नाही. आधी तिच्या पोटाखालची रबराची बटणं एकेक करून पडतात. ती सहसा चार असतात आणि बसणाऱ्याचं वजन त्यांच्यावाटे सिरॅमिकच्या कडेवर उतरतं. त्यातली दोन गेली की सीट अधांतरी राहते, बसलं की वाकते, डावी-उजवीकडे सरकते आणि सगळा ताण मागच्या बिजागरीवर येतो. महिना-दोन महिने घरातले लोक एकमेकांना "जरा जपून बसा रे" असं बजावत काढतात. मग कधीतरी, शक्यतो घरात पाहुणे असताना, तिला आरपार तडा जातो.

ती बदलणं हे वीस मिनिटांचं काम आहे. कमोडच्या मागच्या पट्टीवर दोन भोकं असतात, त्यांतून दोन बोल्ट खाली उतरतात आणि खालून त्यांना दोन नट असतात. नट सोडवायचे, जुनी सीट उचलायची, नवी ठेवायची, नट परत लावायचे. तरीही बहुतेक मराठी घरांतून यासाठी प्लंबरला फोन जातो. प्लंबर "उद्या येतो" म्हणतो आणि चार दिवस येत नाही. तोवर तुटकी सीट तशीच. गॅसचा रेग्युलेटर आपण लावतो, पंख्याचा कपॅसिटर यूट्यूबवर बघून बदलतो. इथे मात्र "आपल्याला कुठे जमतंय" असं म्हणून हात मागे घेतो. पाना धरायला येत नाही, असं काही नसतं. ते दोन नट ज्या जागी आहेत तिथे आपण हात घालायचा नसतो, हे आपल्याला फार लहानपणी, कुणी न शिकवता समजलेलं असतं.

सीट कुठून आली आणि तो हात मागे का जातो, हे दोन्ही इतिहास एकत्रच सांगावे लागतात.

बसून उरकण्याची पद्धत तशी जुनी. इजिप्तमधल्या अमार्ना इथे सापडलेली चुनखडीची सीट इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातली आहे. तिचा आकार किल्लीच्या भोकासारखा आहे. रोमनांनी ओस्टियासारख्या शहरांत दगडी बाकांना ओळीने भोकं पाडून सार्वजनिक शौचालयं बांधली, तिथे माणसं शेजारी-शेजारी बसत. पण आज हार्डवेअरच्या दुकानात प्लास्टिकच्या पिशवीत लटकलेली जी सीट आपण बघतो, तिचा या दगडांशी संबंध नाही. तिचे पूर्वज सुतार आहेत.

लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये फ्लशच्या संडासाचं पेटंट घेतलं. त्यात वाकडी नळी होती आणि त्या वाकात साचून राहणारं पाणी गटाराची घाण घरात येऊ देत नसे. ती नळी आजही तुमच्या कमोडच्या पोटात आहे. तीन वर्षांनी जोसेफ ब्रामाने त्याच्या झडपेत सुधारणा केली. ब्रामा मूळचा फर्निचर बनवणारा. श्रीमंतांच्या घरी असे संडास बसवता बसवता त्याला त्यातले दोष दिसले होते. त्या काळचा संडास म्हणजे एक लाकडी पेटीच होती. आत धातूचं भांडं आणि यंत्रणा, वर महोगनीची जाड फळी, फळीला गोल भोक. सीट वेगळी नव्हती, ती पेटीचाच भाग होती. घरातल्या इतर कपाटांसारखं तिलाही पॉलिश करत.

१८५१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मोठं प्रदर्शन भरलं. तिथे जॉर्ज जेनिंग्ज या प्लंबरने प्रेक्षकांसाठी संडास उभारले आणि एक पेनी आकार ठेवला. त्या पेनीत स्वच्छ सीट, टॉवेल, कंगवा आणि बुटांना पॉलिश मिळे. आठ लाखांहून जास्त लोकांनी ती पेनी भरली. मला यात त्या 'स्वच्छ सीट'ची गंमत वाटते. परक्याची बसण्याची जागा आपल्या कातडीला लागणार, या कल्पनेने कसंनुसं होणं काही फक्त सोवळ्या-ओवळ्याच्या देशातलं नाही. पुढे अमेरिकेत तर सार्वजनिक संडासाच्या सीटवरून गुप्तरोग होतात, अशी भीती पसरली होती. तिथल्या सार्वजनिक जागी पुढून उघडी, घोड्याच्या नालासारखी सीट आजही दिसते.

पेटी गेली ती १८८०च्या दशकात. आरोग्याचं बघणाऱ्या मंडळींचं म्हणणं होतं की, लाकडी पेटीच्या आत काय साचलंय ते दिसत नाही आणि जे दिसत नाही ते कुणी साफ करत नाही. स्टॅफर्डशरच्या थॉमस ट्वायफर्डने अखंड सिरॅमिकचा, उघडा, चारी बाजूंनी पुसता येणारा कमोड बाजारात आणला. पेटी गेल्यावर फळी उरली. बसायला सिरॅमिक थंड आणि कडक, म्हणून फळी हवीच. पण ती आता टेकवायची कशावर? सुरुवातीला मागच्या भिंतीतल्या ब्रॅकेटांवर टेकवून बघितली. नंतर कमोडलाच मागे दोन भोकं ठेवून तिला बिजागरीने अडकवलं. अशा रीतीने सीट ही वेगळी, उचलता येणारी आणि म्हणून तुटणारी वस्तू झाली.

*

'कमोड' हा शब्द फ्रेंच, अर्थ 'सोयीचा'. फ्रान्समध्ये ते खणांच्या बुटक्या कपाटाचं नाव होतं. इंग्रजांनी ते पलंगाशेजारच्या, आत भांडं लपवलेल्या खुर्चीला दिलं आणि तीच खुर्ची घेऊन ते हिंदुस्थानात आले. आपल्याकडे यासाठी आधीपासून जे शब्द आहेत ते बघण्यासारखे आहेत. 'पायखाना' हा फारसी शब्द, त्यात पाय आहेत. ही जागा पायांवर बसायची, म्हणजे उकिडवं बसायची. 'शेतखाना' या शब्दात शेत दिसतं, पण तो 'सेहतखाना', म्हणजे आरोग्याची जागा. पेशवाईतल्या वाड्यांच्या वर्णनात शेतखाने येतात, रायगडावर शौचकूप आजही बघायला मिळतात. बाकी गावाचा व्यवहार 'परसाकडे' किंवा 'बहिर्दिशेला' या शब्दांत उरके. घरापासून लांब जायचं, हे या शब्दांतच आहे.

इंग्रजांनी ती जागा घरात आणली. पण इथे भुयारी गटारं नव्हती. त्यामुळे बंगल्याच्या न्हाणीघरात कमोडची खुर्ची आली आणि तिच्यामागोमाग न्हाणीघराला बाहेरून एक वेगळं दार आलं. त्या दाराने मेहतर येई, भांडं नेई, धुऊन परत ठेवी. घरातल्यांशी त्याची गाठ पडू नये अशी सोय होती. 'मेहतर' हाही फारसी शब्द, त्याचा मूळ अर्थ 'थोर', 'सरदार'. मुंबईत या कामगारांना 'हलालखोर' म्हणत, म्हणजे हलालाचं खाणारा. सर्वांत हलक्या मानलेल्या कामाला सर्वांत भारदस्त नावं देण्याची ही तऱ्हा. पगार मात्र नावाला साजेसा नव्हता.

मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात पाणीपट्टीसारखाच 'हलालखोर कर' होता. ज्या घरांचा मैला पालिकेचे हलालखोर उचलत, त्यांनी तो भरायचा. दोन इमारतींच्या पाठींमध्ये अरुंद गल्ली ठेवलेली असे, घरगल्ली. संडासांच्या टोपल्या तिथून काढल्या जात. १८९६ मध्ये प्लेग आला आणि लोक शहर सोडून पळायला लागले, तेव्हा पालिकेच्या अधिकाऱ्यांना मोठी धास्ती होती ती हलालखोर निघून जातील याची. ते गेले असते तर शहर काही दिवसांत राहण्यालायक उरलं नसतं. रोग्यांना सक्तीने हलवण्याचे कडक हुकूम त्या धास्तीपायी सौम्य करावे लागले. ज्यांच्या सावलीचा विटाळ होई, त्यांच्यावाचून शहर आठवडाभरही चालत नव्हतं, हे तेव्हा सरकारदरबारी मान्य झालं आणि प्लेग ओसरल्यावर विसरलं गेलं.

दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या मागे आजही लोखंडी गोल जिने दिसतात, गंजलेले, कुंड्या ठेवलेले. इन्स्टाग्रामवर त्यांचे फोटो 'व्हिंटेज मुंबई' म्हणून फिरतात. ते सफाई कामगारांचे जिने. पुढच्या जिन्याने त्यांना यायला मनाई होती. फ्लॅट नवे होते, पंखे विजेचे होते, काही ठिकाणी फ्लशही आला होता, पण संडास साफ करणाऱ्याने मागूनच यायचं हा बंगल्यातला नियम आर्किटेक्टने नकाशात उतरवला होता.

*

हा नियम मोडायला बघणाऱ्या माणसांत अप्पासाहेब पटवर्धनांचं नाव आज फार कुणाला आठवत नाही. ते कोकणातले गांधीवादी. १९३२ मध्ये ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी तुरुंगाधिकाऱ्यांकडे मागितलं काय, तर भंगीकाम. ते नाकारलं गेलं, कारण ब्राह्मण कैद्याला असं काम देणं नियमात बसत नव्हतं. जातीची उतरंड मोडू नये याची काळजी इंग्रज सरकारचा तुरुंगही घेत होता. अप्पांनी स्वतःचा आहार तोडायला सुरुवात केली. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना हे कळलं, तेव्हा त्यांनीही डिसेंबर १९३२ मध्ये त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण धरलं. पुणे करारासाठीच्या उपोषणाला तीन महिनेही झाले नव्हते. सरकारने प्रश्नाचा पुन्हा विचार करायचं मान्य केलं आणि ते थोडक्यात मिटलं.

अप्पा तिथे थांबले नाहीत, म्हणून ते मला जास्त महत्त्वाचे वाटतात. स्वतः झाडू हातात घेऊन फोटो काढून घेणं सोपं असतं. (तेव्हाही होतं, आता तर फारच.) अप्पांनी पुढे कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात संडासाच्या रचनेवरच काम केलं. मैला कुणाला हाताने उचलावाच लागू नये, त्याचं जागीच खत व्हावं, असा स्वस्त 'गोपुरी संडास' त्यांनी प्रचारात आणला. माणसांची मनं बदलण्याची वाट बघत बसण्यापेक्षा खड्डा बदलावा, हा विचार त्यात होता. त्यांच्याच काळातले बरेच सुधारक पहिल्या भागात अडकून पडले.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मुंबई सरकारने वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या राहणीची चौकशी करणारी समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ मध्ये आला. डोक्यावरून मैला वाहणं थांबवा, हातगाड्या द्या, अवजारं द्या, अशा तिच्या शिफारशी पुढे केंद्राने इतर राज्यांनाही धाडल्या. त्यानंतर मलकानी समिती झाली. टोपल्यांचे संडास बांधायला बंदी करणारा केंद्राचा कायदा मात्र १९९३ मध्ये झाला. तो पुरेसा नाही म्हणून २०१३ मध्ये दुसरा झाला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात उतरून मरणाऱ्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्यायला सांगितलं आणि २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाखांवर नेली. रक्कम वाढवावी लागली याचा अर्थ मरणं थांबलेली नव्हती. टोपली गेली, मॅनहोल आलं, आणि त्यात उतरणारी माणसं बहुतांशी त्याच जातींतली राहिली.

*

आता परत सीटकडे, कारण ती या सगळ्याला समांतर हळूहळू मराठी घरांत शिरत होती.

भांडी देशात बनायला लागली, हा त्यातला एक टप्पा. सौराष्ट्रातल्या थानगढ-मोरबी पट्ट्यात आज सिरॅमिकचे शेकडो कारखाने आहेत. तिथल्या या उद्योगाचा पाया घालणाऱ्यांत परशुराम गणपुले हे मराठी गृहस्थ होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत त्यांनी तिथे परशुराम पॉटरी उभी केली. १९६० मध्ये 'हिंदुस्तान ट्वायफर्ड्स' ही कंपनी निघाली. होय, त्याच ट्वायफर्डच्या कारखान्याशी करार करून. हरियाणातल्या बहादुरगढला तिची भट्टी लागली. आज आपण तिला हिंदवेअर या नावाने ओळखतो. लाकडी पेटी हटवणाऱ्याचं नाव असं ऐंशी वर्षांनी आपल्या न्हाणीघरापर्यंत पोचलं.

पण लोकांच्या पायांना सवय होती उकिडवं बसण्याची. मधला मार्ग निघाला तो 'अँग्लो-इंडियन' कमोडचा : उंची कमोडची, पण कडा रुंद आणि दोन्ही बाजूंना पाय ठेवायला खाचरे. सीट वर केली की चढून उकिडवं बसा, खाली केली की साहेबासारखं बसा. अनेक सरकारी क्वार्टर्समध्ये आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या फ्लॅटमध्ये तो असायचा. एकाच वस्तूत सासूबाई आणि सूनबाई दोघींची सोय. दिसायला तो कुरूप होता यात शंका नाही, पण एवढा समजूतदार संडास मला दुसरा माहीत नाही. पुढे शुद्ध 'वेस्टर्न' आला, कडा अरुंद झाल्या, सवय मात्र तीच राहिली. लोक सीटवरच पाय ठेवून चढायला लागले. सीट बनलेली असते मांड्यांवर पसरलेल्या वजनासाठी. दोन टाचांखाली, तेही कडेला, सगळं वजन आलं की ती वाकते, आणि रबरी बटण नेमकं तिथलंच पडलेलं असेल तर फुटते. भारतातल्या कित्येक सीटा अशा सांस्कृतिक कारणांनी तुटल्या आहेत.

ज्यांनी वेस्टर्नला नाकं मुरडली, त्यांना तो शेवटी गुडघ्यांनी घ्यायला लावला. चाळीत मजल्याच्या टोकाला सामाईक संडास असायचे. १९२० नंतर बांधलेल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांची खोली आणि मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांत मिळून मोजके संडास. सकाळी टमरेल घेऊन रांग. गुडघे गेलेल्या आजींसाठी खोलीतच, पडद्यामागे, भोक असलेली खुर्ची आणि खाली डबा ठेवावा लागे. तो डबा रोज कोण रिकामा करी? बहुतेक घरांत सून. हे काम कुठल्या समितीच्या अहवालात आलेलं नाही. म्हणून पुनर्विकासात नवा फ्लॅट मिळाला की चाळीतली बाई आधी हॉल बघत नाही, आतला स्वतःचा संडास बघते.

*

सीट बदलायची झाली तर आधी ती कशाची आहे ते बघा. लाकडानंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेकेलाइट आलं. त्याच घराण्यातलं युरिया फॉर्माल्डिहाइड आजच्या महागड्या, जड, चिनी मातीसारख्या चकचकीत सीटांमध्ये असतं. ते एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. ओरखडे पडत नाहीत, पण झाकण आपटलं तर तडकतं. स्वस्त आणि हलक्या सीटा पॉलिप्रॉपिलीनच्या. त्या वाकतात, पिवळ्या पडतात, पण सहज फुटत नाहीत. या दोन जातींसाठी भारतीय मानक आयएस २५४८ चे दोन वेगळे भागच आहेत. 'सॉफ्ट क्लोज' सीटच्या बिजागरीत घट्ट ग्रीस भरलेला छोटा डँपर असतो. हाताने दाबून ती लवकर बंद केली की तो निकामी होतो. घरात लहान मुलं असतील तर साधी सीट बरी, असं माझं मत.

दुकानात जाण्याआधी तीन मापं घ्या : दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर, भोकांच्या रेषेपासून कमोडच्या पुढच्या टोकापर्यंतची लांबी, आणि सर्वांत रुंद जागेची रुंदी. भोकांतलं अंतर बऱ्याचदा १४० किंवा १५५ मिलिमीटर असतं. बिजागरी थोडी सरकवता येणारी असेल तर जमून जातं. आकार गोल, लांबट की चौकोनी तेही बघा. दुकानदार विचारणारच, म्हणून वरून एक फोटो काढून न्या.

मग ते खालचे दोन नट. रबरी हातमोजे घाला. नट प्लास्टिकचे असतील तर हातानेच सुटतात. लोखंडी असतील तर गंजून चिकटलेले असतात. गंज सोडवणारं तेल टाकून अर्धा तास थांबा, वरून बोल्टचं डोकं स्क्रूड्रायव्हरने धरा आणि खालून पाना फिरवा. तरीही हलले नाहीत तर हॅक्सॉचं नुसतं पान घेऊन बोल्ट कापा. सिरॅमिकवर ओरखडा उठू नये म्हणून मध्ये जाड पुठ्ठा धरा. हातोडी लावू नका. सीट काही शे रुपयांत येते, कमोडला तडा गेला तर फरशी फोडावी लागते. जुनी सीट निघाली की बिजागरीखालची जागा दिसेल. तिथे इतक्या वर्षांचा पिवळा थर असतो. तो घासायला ब्रश आधीच जवळ ठेवा. नवी सीट ठेवून वॉशर विसरू नका, नट हाताने आवळा आणि वर फक्त पाव फेरा पान्याने द्या. सीट मधोमध आहे ना हे बसून बघा, मग आवळा.

उरते जुनी सीट. ती पॉलिप्रॉपिलीनची असेल तर भंगारवाला घेतो. युरियाची असेल तर घेत नाही, कारण वितळवून तिचं काहीच होत नाही. ती सुक्या कचऱ्यात जाते. तडकलेल्या कडेला धार असते, आणि सकाळी साडेसहाला घंटागाडीवरचा जो माणूस तो डबा उपडा करतो त्याच्या हातात बऱ्याच वेळा मोजे नसतात. सीट धुऊन घ्या, धारेवर जाड चिकटपट्टी गुंडाळा, वर्तमानपत्रात बांधा आणि डब्यात टाकण्याऐवजी त्याच्या हातात देऊन आत काय आहे ते सांगा.